अंगठा, वांगं आणि अश्रूचा थेंब

गेल्या अंकात लिहिलं होतं की मोबाइलवरच्या चित्रांचा अर्थ लागत नसेल तर कळवा. पत्रं आली, त्याहून जास्त व्हॉट्सअ‍ॅप आले, आणि गंगापूर रोडला भाजी घेताना दोघींनी हात धरून थांबवलं. सगळी उत्तरं एका अंकात मावणार नाहीत. जिथे पैसा अडकलाय किंवा माणूस दुखावलाय ती पत्रं आधी घेतली आहेत.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. मी १९८१ साली तारखात्यात लागले. तेव्हा शुभेच्छांच्या तारेला आकडे असत. गिऱ्हाइकाने तक्त्यातलं वाक्य निवडायचं, आम्ही फक्त त्याचा आकडा पुढे पाठवायचा, आणि पलीकडच्या गावी त्या आकड्यावरून पूर्ण वाक्य कागदावर उतरून घरोघर जायचं. दिवाळीचा आकडा वेगळा, लग्नाचा वेगळा, बाळाच्या जन्माचा वेगळा. एका मे महिन्यात, लग्नसराईच्या गर्दीत, माझ्या हातून आकडा चुकला आणि आठ दिवसांच्या नव्या नवरीच्या सासरी बाळाच्या जन्माचं अभिनंदन पोचलं. तिचे वडील तो कागद घेऊन खिडकीशी आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, तिला तिथे काय काय ऐकावं लागलं असेल." मी दुरुस्तीची तार केली, माफीचं पत्र लिहिलं. तरी तो कागद अजून डोळ्यांसमोर येतो. म्हणून कुणी "एवढ्याशा चित्राने काय होतंय" म्हणालं की मला ते पटत नाही.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन. फेब्रुवारीत व्यापारी बाग बघून गेला. रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "४६ रुपये किलो, गुरुवारपासून खुडा, पैसे आठ दिवसांत." त्याचं उत्तर आलं 👍🙏. त्या भरवशावर मी बाकीच्या दोघांना नाही म्हणालो. गुरुवारी मजूर बांधावर उभे, आणि हा फोनवर म्हणतो, बाजार उतरलाय, ३९ ने देत असाल तर बोला. "तुम्ही अंगठा दिला होता" म्हटलं, तर म्हणे "मेसेज पाहिला म्हणून दिला, सौदा कुठे केला?" माल थांबणारा नव्हता, ३९ नेच द्यावा लागला. ताई, अंगठा म्हणजे होकार की नाही?

तुमचं पत्र वाचून जीव कळवळला. एकरी दहा टन धरले तरी किलोमागे सात रुपयांनी तुमचे एक लाख चाळीस हजार गेले. औषधं, मजुरी, छाटणीपासूनची जागरणं सगळी त्यात आली.

अंगठ्याचा अर्थ दोन गोष्टींवर ठरतो. त्याच्या आधी काय लिहिलं होतं आणि त्या दोन माणसांत आजवर व्यवहार कसा होत आला. न्यायालयांनीही हेच पाहिलेलं आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला ८७ टन जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की कराराला दुजोरा द्या. शेतकऱ्याने 👍 पाठवला. पुढे जवसाचे भाव चढले आणि माल आलाच नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, मी फक्त 'करार मिळाला' असं कळवलं होतं. २०२३ मध्ये न्यायालयाने तो होकार धरला. कारण असं की याच दोघांतले आधीचे सौदे 'ओके', 'यप' असल्या एकेका शब्दावर झाले होते आणि तेव्हा माल मुकाट्याने पोचला होता. शेतकऱ्याला ८२ हजार कॅनडियन डॉलरहून जास्त भरपाई बसली. २०२४ मध्ये अपिलातही निकाल तोच राहिला.

त्याच २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानाचं प्रकरण आलं. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येबद्दल ग्रुपवर आलेल्या मेसेजला त्याने अंगठा दिला म्हणून त्याची नोकरी गेली होती. न्यायालयाने सांगितलं की ही खूण 'ओके'च्या जागी येते, मेसेज पाहिला एवढंच ती सांगते, हत्येचा आनंद तिच्यात शोधता येणार नाही. अंगठा तोच, पण एका ठिकाणी तो करार ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती पोच.

म्हणजे 'पाहिलं' हाही अर्थ असतो, तुमचा व्यापारी ते हवेतून काढत नाही. पण तुमच्या मेसेजात दर होता, दिवस होता, पैशाची मुदत होती. त्यावर त्याने अंगठ्याला नमस्कार जोडला. सौदा जमत नसेल तर आपल्याकडे नुसता 🙏 येतो, 'माफ करा, बघू पुढे' अशा अर्थाने. 👍🙏 ही जोडी आपल्या भागात 'ठरलं, येतो' अशीच वाचली जाते. माझ्या मते तुम्हाला होकार मिळाला होता आणि तो मोडला गेला.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७ वं कलम म्हणतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा, आणि तो रूढ, वाजवी पद्धतीने कळवलेला हवा. तेव्हा मागच्या हंगामातलं याच व्यापाऱ्याचं चॅट शोधा. त्यात त्याने अंगठा दिला आणि पुढे माल उचलला असं एकदा जरी घडलं असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. चॅट पुसू नका, फोन बदलू नका, आणि वकिलाकडे जाताना निवडक स्क्रीनशॉट नेण्यापेक्षा फोनच घेऊन जा.

येत्या हंगामापासून मात्र मेसेजच्या शेवटी एक ओळ घालत जा : "मान्य असल्यास 'मान्य' हा शब्द आणि दर लिहून पाठवावा." तारेत आकडे असले की आम्ही ते शेवटी पुन्हा एकदा पाठवत असू. दोन्ही जुळले तर ठीक, नाहीतर पुन्हा विचारणा. व्यापाऱ्याच्या हाताने '४६' हा आकडा उमटू द्या. जो खरा गिऱ्हाईक आहे त्याला दोन अक्षरं लिहायला जड जात नाही.

प्रश्न : वय ५४, देवळाली कॅम्पला राहतो. मित्रांबरोबर सायकलने त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, पहिल्यांदाच. फोटो टाकला तर सख्ख्या भाच्याने खाली लिहिलं, "मामा 🐐🔥". सगळ्यांसमोर मला शेळी म्हणाला. त्याच्याशी बोलणं बंद केलंय.

आज संध्याकाळी बोला त्याच्याशी. 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम', म्हणजे आजवरचा सर्वश्रेष्ठ, या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडली की 'गोट' होतं, आणि गोट म्हणजे शेळी. मोठ्या खेळाडूंच्या फोटोखाली मुलं हेच चित्र टाकतात. आग जोडली की 'कमाल केलीत'. त्या पोराने तुमच्या खोगिरावरच्या फोटोला आपल्याकडचं सगळ्यात मोठं विशेषण लावलंय, आणि तुम्ही त्याच्याशी अबोला धरलाय.

प्रश्न : सिडकोत माझा घरगुती डब्याचा व्यवसाय आहे. कॉलेजची मुलं आणि अंबड एमआयडीसीतले कामगार मिळून पस्तीस डबे जातात. रोज सकाळी स्टेटसला भाजी टाकते. परवा लिहिलं, "आज भरली वांगी 🍆💦😋 गरमागरम ♨️". रस्सा दाखवायला ते थेंब टाकले. दुपारी डबे परत आले तर मुलं तोंड दाबून हसत होती. कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर फिरवला. मुलीला विचारलं तर म्हणे "आई, ते काढ आधी," पण कारण सांगेना. माझं काय चुकलं?

तुमचं काहीही चुकलेलं नाही. मुलीला सांगायची लाज वाटली, मी स्पष्ट सांगते. वांग्याचं चित्र जगभर पुरुषाच्या अवयवासाठी वापरलं जातं, आकारामुळे. पीच या फळाचं 🍑 पार्श्वभागासाठी. आणि 💦 हे मुळात घामाचे शिंतोडे, पण वांग्याशेजारी आले की सगळी ओळ शरीरसंबंधाची होते. हे इतकं पसरलंय की २०१५ मध्ये इन्स्टाग्रामने चित्रांच्या हॅशटॅगची सोय सुरू केली तेव्हा वांग्याचा शोध बंद ठेवला होता.

यात शिकण्यासारखं आहे ते जोडीचं. नुसतं 🍆 भाजीच्या यादीत, मेथी-बटाट्याच्या रांगेत असेल तर ते वांगंच असतं. थेंब नुसते असतील तर घाम, पाऊस, नाहीतर रस्सा. पण दोन शेजारी आले की अर्थ उलटतो, आणि जीभ बाहेर काढलेला चेहरा जोडला की उरलासुरला संशयही जातो. मराठीत 'कान' आणि 'फुंकणे' हे दोन्ही साधे शब्द आहेत, पण 'कान फुंकणे' ही वेगळीच गोष्ट होते, तसंच हे.

वांग्याच्या दिवशी 🍲🌶️ टाका, रस्साही दिसतो आणि तिखटही. ♨️ खुशाल ठेवा. मुळात ती जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची नकाशावरची खूण आहे, पण आपल्याकडे सगळे ती चहा-मिसळीच्या वाफेसाठीच वापरतात आणि कुणी चुकीचं वाचत नाही.

आता त्या मुलांविषयी. पहाटे साडेचारला उठून जी बाई तुमच्यासाठी वांगी भरते, तिच्या अजाणतेपणाचा फोटो फिरवणं मला फार लागलं. ज्या मुलाने ते केलं तो हे सदर वाचत नसेल, पण त्याची आई वाचत असेल. तिने त्याला जेवायच्या वेळी हा परिच्छेद वाचून दाखवावा. तुम्ही मात्र व्यवसायाच्या नंबरवरून स्टेटस टाकणं थांबवू नका. पस्तीस डब्यांची बाई तुम्ही, मान खाली घालायचं काही कारण नाही.

प्रश्न : लासलगावला आमचा कांद्याचा व्यापार आहे. ग्रुपवर भाव टाकताना आम्ही पूर्वी 🌰 हे चित्र टाकायचो, आता खरा कांदा 🧅 मिळतो. हे कोण ठरवतं? दुसरं, बायको माझ्या जुन्या फोनवर शेतकरी बाईचं चित्र पाठवते, तर मला एक बाई आणि शेजारी वेगळी लोंबी दिसते. फोन बिघडलाय का?

फोन चांगला आहे, नुसता म्हातारा झालाय. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मला इतका आनंद दिला की त्यावर जरा सविस्तर लिहिते.

आधी कांदा. 🌰 हे चेस्टनट नावाचं झाडावरचं फळ. वर निमुळतं, खाली गोल, त्यामुळे अनेकांनी ते कांदा म्हणूनच चालवलं. खरा कांदा यादीत आला २०१९ साली, लसणाबरोबर. त्याच वर्षी साडी 🥻, पणती 🪔, रिक्षा 🛺 आणि देऊळ 🛕 ही चित्रंही आली. द्राक्षं 🍇 मात्र २०१० च्या पहिल्याच मोठ्या यादीत होती, म्हणजे निफाड-दिंडोरीवाल्यांना तुमच्यापेक्षा नऊ वर्षं आधी मान मिळाला. यादी ठरवते युनिकोड कन्सॉर्टियम ही कॅलिफोर्नियातली संस्था. आपली देवनागरी कुठल्याही फोनवर सारखी उमटते ती तिच्याच नियमांमुळे. नवं चित्र हवं असेल तर कोणीही कारणांसकट प्रस्ताव पाठवू शकतो. आपल्या वडापावासाठी कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

जपानचा ठसा या यादीत जागोजागी दिसतो, कारण ही चीजच तिथली. 'इमोजी' या तिथल्या शब्दात 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजीतल्या 'इमोशन'शी त्याचा काही संबंध नाही, उच्चार योगायोगाने जुळला. १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी तिथल्या एका मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रं केली, प्रत्येक अवघ्या बारा बाय बारा ठिपक्यांत. रांगोळीच्या ठिपक्यांवर हात बसलेल्या बाईला कळेल, बारा ठिपक्यांत हसू आणि रडू वेगळं दाखवणं ही काय कारागिरी आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१६ मध्ये तो संच आपल्याकडे घेतला.

आता तुमची शेतकरी बाई. 👩‍🌾 हे एक चित्र दिसतं, पण आत दोन आहेत : बाई 👩 आणि भाताची लोंबी 🌾. दोघांच्या मध्ये एक न दिसणारी खूण असते, तिचं नाव 'झिरो विड्थ जॉइनर', शून्य रुंदीचा सांधा. नव्या फोनला हा सांधा ओळखता येतो, मग तो दोन्ही एकजीव करून दाखवतो. २०१६ च्या आधीच्या फोनला ती जोडी माहीतच नाही, म्हणून तो बाई एकीकडे आणि लोंबी एकीकडे ठेवतो. आई-बाप-मुलांचं कुटुंब 👨‍👩‍👧 असंच सांध्यांनी बांधलेलं आहे.

गंमत अशी की हाच सांधा मराठीच्या रोजच्या कामातला आहे. 'आचार्यांना वाढा' आणि 'आचाऱ्यांना वाढा' यांत किती फरक आहे ते लग्नघरात विचारा. दुसऱ्या शब्दातला तो आडवा र संगणकावर उमटवायच्या दोन रीती आहेत. त्यांतली एक म्हणजे र चा पाय मोडून पुढे हाच न दिसणारा सांधा घालायचा. त्याच्याशिवाय र उडून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. तुमच्या फोनवर बाई आणि लोंबी सुटी दिसते, तशीच जुन्या फोनांवर आपली जोडाक्षरंही पाय मोडून सुटी पडायची, आठवतं का?

प्रश्न : इंदिरानगरला राहते. मुलगा अकरावीत आहे. त्याचा फोन चार्जिंगला असताना मित्राचं चॅट पाहिलं. सगळीकडे 💀💀😭, एका ठिकाणी 🧢, आणि एका मेसेजमध्ये 🍁🔌. कवट्या आणि रडणं बघून झोप उडाली. नेटवर वाचलं की पान म्हणजे ड्रग्ज. कोणाला विचारू?

कवट्यांची भीती आधी काढून टाका. 💀 म्हणजे 'हसून हसून मेलो'. आपण नाही का म्हणत, 'हसून पुरेवाट झाली'? 😭 सुद्धा त्यांच्यात बहुतेकदा हसण्याचंच. कवटीशेजारी आलं असेल तर नक्कीच. 🧢 म्हणजे 'थापा मारतोयस', अमेरिकेतल्या तरुणांच्या बोलीत 'कॅप' म्हणजे थाप.

पान आणि प्लगची जोडी मी हलकी घेणार नाही. २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात एमडी या अमली पदार्थाचा कारखाना पकडला गेला, तेव्हापासून या शहरातल्या आयांच्या पोटात गोळा आहे, आणि तो खोटा नाही. अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागाने २०२१ मध्ये अशा चित्रांची एक यादी पालकांसाठी काढली. तिच्यात मेपलचं पान हे एकूणच अमली पदार्थांसाठी आणि प्लग हा विकणाऱ्यासाठी दिला आहे. पण त्याच यादीत हेही म्हटलंय की नुसत्या चित्रावरून काही ठरवू नका. वागण्यात बदल, दिसण्यात बदल, पैशात मोठा फरक, असं काही सोबत असेल तर लक्ष द्या.

म्हणून फोन खाली ठेवा आणि मुलाकडे बघा. झोपतो कधी, उठतो कधी? जेवण सुटलंय का? क्लासला जातो म्हणून जातो ते क्लासलाच ना? जुने मित्र अचानक तुटलेत का, घरातले पैसे कमी होतात का? यातलं काही नसेल तर ते पान एखाद्या खेळातलं किंवा टोपणनाव असण्याचीच शक्यता जास्त. मुलांच्या टोळक्यात अशी खासगी चित्रं असतात आणि त्यांचा अर्थ त्या पाच जणांपलीकडे कुणालाच कळत नाही.

आणि विचारा त्यालाच. फोन पाहिला हे लपवून आडून आडून विचाराल तर तो पहिल्या वाक्यात ओळखेल. "मी तुझं चॅट पाहिलं, मला भीती वाटली, या दोन चित्रांचा अर्थ सांग," असं सरळ म्हणा. तो चिडेल, चिडू दे. चिडल्यावर काय बोलतो ते नीट ऐका. संशय पक्का झालाच तर पोलिसांच्या आधी १४४४६ या नशामुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, तिथे समुपदेशन मोफत मिळतं.

प्रश्न : साखरपुडा झालाय. मुलगा हिंजवडीत नोकरीला. येवल्याला जाऊन पैठणी घेतली, त्याला फोटो पाठवला, तर उत्तर फक्त 🙂. मैत्रिणी म्हणतात, हा इमोजी नाराजीचा. लग्न मोडेल का?

तुमच्या वयाच्या बऱ्याच जणांत 🙂 हा ओठ घट्ट मिटून केलेल्या हसण्यासारखा वाचला जातो, हे खरं. पण कित्येक पुरुषांसाठी तो नुसता 'छान' असतो. तो आपल्या आईला, भावाला काय पाठवतो ते विचारा. त्यांनाही हाच जात असेल तर त्याची तीच बोली. पैठणी आवडली का हे मात्र फोन करून विचारा, आवाजात लगेच कळेल.

प्रश्न : वय ७१, नाशिकरोड. माझे व्याही गेले. विहीणबाईंना मी रात्री मेसेज केला, "फार वाईट झालं 😂😂🙏". मला वाटलं डोळ्यांत पाणी आहे म्हणजे रडणारा. सकाळी त्यांच्या धाकट्या मुलाचा फोन आला, म्हणाला, "मावशी, तुम्हाला हसू येतंय?" माझे हातपाय गार पडले. रडण्याचा नेमका कोणता? आणि आता तोंड कसं दाखवू?

हे पत्र छापून येईपर्यंत दहावा होऊन जाईल, म्हणून तुम्हाला मी त्याच दिवशी फोन केला होता. तरी इथे लिहिते, कारण असंच घडलेली आणखी चार पत्रं माझ्याकडे आहेत.

चूक कशी होते ते मी माझ्या फोनवर चष्मा काढून पाहिलं. 😂 आणि 😭, दोन्ही पिवळे, दोन्हींचं तोंड उघडं, दोन्हींत निळं पाणी. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला, हातभर लांबून, यात काय फरक दिसणार? त्यात 😂 इतका चालतो की २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्यालाच 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडलं. तो सतत वापरला जातो, म्हणून कीबोर्डवर अलीकडे वापरलेल्या चित्रांच्या रांगेत पुढे येऊन बसतो आणि बोट आपसूक त्याच्यावरच पडतं.

ओळखायचं कसं? चित्र दाबून मोठं करून बघा आणि पाणी कुठे आहे ते पाहा. 😂 मध्ये थेंब डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत अडकलेले असतात आणि तोंडात वरचे दात दिसतात : हे हसून आलेलं पाणी. 😭 मध्ये दोन धारा डोळ्यांपासून थेट हनुवटीपर्यंत वाहतात : हा हंबरडा, पण वर म्हटल्याप्रमाणे मुलांनी तोही हसण्याला लावलाय, म्हणून मी तो दुःखात वापरत नाही. 😢 मध्ये एकाच डोळ्यातून एक थेंब आणि ओठ खाली वळलेले : दुःखासाठी हाच. 😓 आणि 😅 मध्ये थेंब कपाळाजवळ असतो, तो घाम. 😪 मधला थेंब नाकातून येतो. जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाच्या नाकाशी असा फुगा काढतात, म्हणजे तो झोपेचा आहे. हा तर आपल्याकडे श्रद्धांजलीखाली सर्रास दिसतो.

पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून दोघांकडूनही पुसता येतो. पण समोरच्याने वाचलेला असेल तर पुसू नका. पुसलेल्याची खूण तिथे राहते आणि ती जास्त टोचते. खाली लिहा, "चित्र चुकलं, मला दिसलं नाही, मी रडत होते." मरणाच्या मेसेजात मी स्वतः चित्र घालतच नाही. तारघरात मरणाची बातमी कधी आकड्याने गेली नाही, ती शब्दांतच जायची, शब्दाला पैसे पडत असले तरी.

फोनवर मी तुम्हाला दहाव्याला जा म्हणाले. तुम्ही रामकुंडावर गेलात आणि दुपारी मला कळवलंत, छापायची परवानगीही दिलीत. पिंडाला कावळा शिवेपर्यंत तुम्ही बायकांच्या मागे उभ्या राहिलात. मग विहीणबाईंनीच तुम्हाला जवळ बोलावलं. तुम्ही माफी मागायला लागलात तर त्यांना काही कळेना. त्यांनी पिशवीतून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि तुम्हालाच दाखवला. मुलाने त्यांना काही सांगितलंच नव्हतं. त्या रात्री तो मेसेज त्यांनी दोन-तीनदा उघडून पाहिला होता. त्यांनाही तो रडणाराच दिसला होता.